दात्यांचे राज्य की वाटेकऱ्यांचे?

राज्यव्यवस्थेची परीक्षा सुगीच्या दिवसांत होत नाही. कोठार भरलेले असले म्हणजे अडाणी कारभाऱ्याच्या हातूनही घरातील मंडळींस दोन घास मिळतातच. कारभारी कोणत्या योग्यतेचा आहे हे कोठाराचा तळ दिसू लागल्यावर कळते. आमच्या देशाच्या कोठाराचा तळ आता दिसू लागला आहे. खनिज तेलाच्या आमच्या गरजेपैकी चार पंचमांशाहून अधिक तेल परदेशांतून येते. नद्यांच्या पाण्यावर त्यांच्या वाहण्याच्या शक्तीबाहेर हक्क सांगितले गेले आहेत. भूगर्भातील पाणी तर आम्ही नातवंडांच्या नावावरील ठेव मोडावी तसे उपसून खातो आहो. आणि तरीही आमचे कायदे, आमची खाती, आमच्या निवडणुका आणि राज्यकर्त्यांविषयीच्या आमच्या अपेक्षा ही सारी कोठार अक्षय आहे अशाच समजुतीवर चालली आहेत. या समजुतीविरुद्ध चार शब्द लिहिण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू आहे. ते नाशिकात बसून लिहिले जात आहेत, आणि पुष्कळ नाशिककर मित्रांस ते रुचणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

2023 सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील गोष्ट. पैठणचा नाथसागर भरला नव्हता, म्हणून वरच्या अंगाच्या नाशिक व अहमदनगर जिल्ह्यांतील धरणांतून सुमारे साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट, पाणी खाली सोडण्याचा आदेश निघाला. आमच्याकडे एकच गदारोळ उठला. निरनिराळ्या पक्षांचे पुढारी, जे एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, ते 'आमचे पाणी पळविले' या एका वाक्यावर एक झाले. त्याच आठवड्यात माझ्या वर्गात निफाड-दिंडोरीकडील मुले आणि वैजापूरकडील एक मुलगा यांच्यात चांगलीच जुंपली. त्यांना शांत करावे म्हणून मी विचारले, "ज्या कायद्याने हे पाणी सोडले जात आहे तो तुमच्यापैकी कोणी वाचला आहे काय?" एकही हात वर झाला नाही. तेव्हा वैजापूरच्या मुलाने नम्रपणे उलट विचारले, "सर, आपण वाचला आहे?" मीही वाचलेला नव्हता. तीस वर्षे राज्यशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास लाज वाटावी अशीच ही गोष्ट होती. घरी येऊन तो कायदा मी वाचला, व त्या वाचनातून हा लेख निघाला.

कायदा 2005 चा आहे; महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम असे त्याचे लांबलचक नाव. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्वांनी तूट समन्यायाने वाटून घ्यावी, हे तत्त्व त्यात स्पष्ट शब्दांत आहे. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2013 साली गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यापुरते त्या तत्त्वाचे गणित मांडले, प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 रोजी आदेश दिला, आणि 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. दरवर्षी 15 ऑक्टोबरच्या सुमारास धरणांतील साठे मोजावयाचे. नाथसागरात 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा भरत असेल तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी सोडावयाचे, असा त्याचा इत्यर्थ. आकड्यांविषयी मतभेद असू शकतील, आहेतही. पण तत्त्व पाहिले तर, माझ्या मते, स्वतंत्र महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या अत्यंत शहाण्या कामांपैकी हे एक आहे. आणि आम्ही, ज्यांना सुशिक्षित म्हणतात ते लोक, त्याची संभावना 'पाणी पळविणे' या शब्दाने करतो!

असे का व्हावे? लोक स्वार्थी आहेत म्हणून, असे उत्तर कित्येक देतात. ते मला पुरेसे वाटत नाही. स्वार्थ सर्व काळी सर्व देशांत असतोच. खरे कारण असे की गेल्या पाऊणशे वर्षांत आम्हांस 'देणाऱ्या' सरकारचीच ओळख आहे. 'वाटणाऱ्या' सरकारची ओळखच नाही.

ही दोन सरकारे भिन्न जातीची आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीत देण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते देणे योग्यही होते. 1965 साली गंगापूरचे धरण पुरे झाले, 1976 साली जायकवाडी झाले. 1970 पासून एकलहऱ्याच्या विद्युत्‌केंद्रात वीज निघू लागली. ज्याला काही नव्हते त्याला प्रत्येक वर्षी काहीतरी नवे मिळत होते. अशा काळात न्यायाचा प्रश्न पुढे ढकलता येतो. 'त्याला आधी का?' असे कोणी विचारले तर 'उद्या तुला' हे उत्तर तयार असते, आणि ते अगदीच खोटे नसते. परंतु नवे देण्यासारखे संपले की हे उत्तरही संपते. त्यानंतर सरकार जे कोणास देईल ते दुसऱ्या कोणाच्या तोंडचे काढूनच द्यावे लागते. दात्याचा मुखवटा मात्र तसाच राहतो, आणि ज्याच्या तोंडचे गेले तो सहसा सभेस उपस्थित नसतो.

विजेचेच उदाहरण घ्या. 2004 सालच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी शेतीपंपांस वीज फुकट जाहीर झाली. निवडणूक झाली, वर्ष उलटले नाही तोच ती परत घेण्यात आली. आणि त्याच सुमारास राज्यात भारनियमनाचा असा काळ सुरू झाला की खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास दिवा लागेना. 2024 साली पुन्हा साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस मोफत विजेची योजना आली, पुन्हा निवडणुकीपूर्वीच. शेतकऱ्यास साहाय्य करू नये असे माझे म्हणणे नाही. पण ज्या विहिरीचा तळ दिसतो आहे तिच्यावरील पंपास फुकट वीज देणे म्हणजे तहानलेल्यास पाण्याऐवजी मोठी घागर देणे होय. आता सूर्याच्या प्रकाशावर चालणारे पंप आले आहेत व ते स्वागतार्ह आहेत. परंतु सूर्य कितीही उदार असला तरी बसाल्टच्या खडकात पावसाने मुरविले त्याहून अधिक पाणी तो निर्माण करीत नाही. ऊर्जा आणि पाणी यांची टंचाई ही एकाच टंचाईची दोन तोंडे आहेत. एकलहऱ्यास वीज करावयाची तर विदर्भातून कोळशाच्या आगगाड्या आणि गोदावरीचे पाणी हवे. शेतात पाणी चढवावयाचे तर एकलहऱ्याची वीज हवी.

कोणी म्हणेल, मग पुरवठाच वाढवा. पश्चिमेकडे समुद्रास मिळणारे पाणी घाटावर आणा आणि नाशिक-मराठवाड्याचे भांडण मिटवा. हा उपाय आमच्या पुढाऱ्यांस फार प्रिय आहे, कारण त्यात कोणास 'नाही' म्हणावे लागत नाही. काही ठिकाणी वळणबंधाऱ्यांनी थोडेफार पाणी मिळेलही, ते मिळवावे. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याचे पाणी माथ्यावर न्यावयाचे तर ते उपसावे लागते आणि उपशास वीज लागते. म्हणजे एका टंचाईचे कर्ज दुसऱ्या टंचाईच्या वहीत लिहून आम्ही मोकळे होतो. आणि समजा, आणले. आलेले पाणी कोणी, किती घ्यावयाचे याचा नियम नसेल तर दहा वर्षांत त्याचाही ऊस होईल, व भांडण होते तेथेच राहील.

दुसरा पक्ष याहून धोक्याचा, कारण तो हुशार माणसांचा आहे. त्यांचे म्हणणे असे की टंचाईच्या युगात लोकशाही परवडत नाही. कोळसा, पाणी, वीज यांचे वाटप तज्ज्ञांच्या साहाय्याने एका बळकट हाताने करावे. या मंडळींस माझा एवढाच प्रश्न आहे की तो हात ज्या देहाचा, तो देह कोठे राहतो? 2003 नंतरच्या सात-आठ वर्षांत मंत्र्यांच्या एका उच्चाधिकार समितीने शेतीसाठी बांधलेल्या कित्येक धरणांतील पाणी उद्योगांकडे व शहरांकडे वळविले. हात बळकट होता; पण ज्यांच्या शेताचे पाणी गेले त्यांना कोणी विचारले नाही. 2011 साली तर कायद्यातच दुरुस्ती करून कोणत्या क्षेत्रास किती पाणी हे ठरविण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून काढून मंत्रिमंडळाकडे नेण्यात आला. भारनियमनाच्या वर्षांत काय झाले? मुंबई उजेडात राहिली. पुण्याने 2006 साली जास्तीचे पैसे मोजून अंधारातून सुटका करून घेतली. जेथे गळती अधिक व वसुली कमी त्या भागांत अंधार अधिक, असे कोष्टक ठरले. मुंबईची तरतूद स्वतंत्र होती, असे यावर उत्तर मिळे. ते खरे, पण ती तरतूद आली कोठून? 1921 साली मुळशीचे मावळे सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहास बसले ते ज्या धरणाविरुद्ध, त्या व तशाच इतर धरणांचे पाणी भीमेच्या खोऱ्यातून काढून कोकणात सोडले जाते, त्यावर. टंचाई कोणी सोसावी हे ज्याला ती सोसावी लागत नाही त्याने ठरविले म्हणजे असेच व्हावयाचे. त्यात व्यक्तीचा दोष थोडा, रचनेचा अधिक.

हे विधान उलट्या बाजूने तपासून पाहण्यासाठी आपणांस फार दूर जावे लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर आणि पलीकडे धुळ्याकडे पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत व त्यांवर काही शतके फडपद्धती चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि वर्षागणिक ते पालटावयाचे. पंच निवडलेले असत, पाणी देणारे पाटकरी व राखणारे जागल्ये गावाने नेमलेले असत. पाऊस कमी झाला की पंच ठरवीत: या साली दोनच फड भिजतील. ही आज्ञा कठोर होती, पण तीवर दंगे होत नसत. याचे कारण त्या रचनेत आहे. साधारणतः प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला म्हणजे पंचांसकट सर्वांचीच थोडी थोडी जमीन कोरडी राही. ज्याने पाणी तोडावयाचे त्याचेही पाणी तुटले पाहिजे, हे तत्त्व त्या निरक्षर म्हणविलेल्या शेतकऱ्यांनी कोणत्याही घटनासमितीवाचून आपल्या जमिनीच्या नकाशातच लिहून ठेविले होते. राज्यशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांत मी पुष्कळ शोधिले. टंचाईच्या राज्याचे इतके चोख सूत्र मला दुसरे आढळले नाही.

ही रचना पुरातन होती म्हणून मी तिचे गोडवे गात नाही. तिच्यात दोष होते. भूमिहीनांस तिच्यात वाटा नव्हता. ही उणीव पुढे विलासराव साळुंखे यांनी भरून काढली. 1972 च्या दुष्काळाने हादरून गेलेल्या या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत उभारली. पाण्याचा हक्क एकरांवर न ठेवता माणसांवर ठेवावा, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, व एका कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांपुरते पाणी, भूमिहीनासही वाटा, ऊस लावावयाचा नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाही, आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा भाग सभासदांनी उचलावयाचा, असे तिचे नियम. नियमांत दयेचा शब्द कोठेही नाही. आहे तो हिशेब. आणि ओझरास बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास वाघाड धरणाच्या कालव्यावर ज्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या त्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली: कालव्याच्या शेवटाकडील शेतकऱ्यास पाणी मोजून व वेळेवर मिळाले की तो पट्टी भरतो. पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन अशा संस्थांकडे आले. ओझर नाशिकपासून चार-पाच कोसांवर आहे. आमच्या महाविद्यालयांतून किती जण ते पाहून आले?

येथे 'खेड्याकडे चला' म्हणणारे माझे मित्र टाळ्या वाजवतील. त्यांनाही थोडे थांबविले पाहिजे. फडपद्धती आज क्षीण झाली आहे. तिच्या वरच्या अंगास मोठी धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले, ज्याला जे हवे ते पीक तो घेऊ लागला, आणि गावाचे पंच नुसते पाहत राहिले. नदी गावाहून मोठी आहे, आणि विजेचे जाळे नदीहूनही मोठे आहे. गावाने कितीही शहाणपण केले तरी वरच्या राज्याने ते मोडू नये अशी तरतूद वरच्याच राज्यघटनेत असावी लागते. यास्तव प्रश्न अखेरीस राष्ट्राच्या शासनाचा आहे.

त्या शासनाची आजची मांडणी पाहा. पाणी राज्यांच्या यादीत, आंतरराज्य नद्या केंद्राच्या, वीज दोघांच्या समाईक यादीत, कोळशाच्या खाणींचे नियमन केंद्राकडे. एकाच टंचाईचे तुकडे निरनिराळ्या कचेऱ्यांत कुलूपबंद आहेत. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने लघुसिंचन, पाणी-व्यवस्थापन, इंधन, चारा, ग्रामीण विद्युतीकरण हे विषय पंचायतींकडे देण्याची वाट मोकळी केली. अधिकार मात्र वाटेतच राहिले. पैशाची गोष्ट वेगळी आहे. केंद्र व राज्ये यांत महसूल कसा वाटावा हे ठरविण्यासाठी घटनेच्या 280 व्या अनुच्छेदाने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची व्यवस्था केली आहे. त्याच्या निर्णयावर राज्ये कुरकुर करतात, पण पैसा पळविला असे म्हणून सहसा कोणी रस्त्यावर उतरत नाही. कारण वाटणीचा नियम आधी जाहीर झालेला असतो. पैसा छापता येतो, पाणी आणि कोळसा छापता येत नाहीत. ज्याचा तुटवडा कधीच पुरता भरून निघणार नाही त्याच्या वाटणीस घटनेत असा आयोग नसावा, हे नवलच नव्हे काय?

म्हणून माझी सूचना अशी. वित्त आयोगाच्या धर्तीवर एक साधनसंपत्ती आयोग घटनेने निर्माण करावा. पाणी, वीज व इंधन यांच्या टंचाईच्या वर्षातील वाटण्या त्याने पाच वर्षे आधी जाहीर कराव्या. पहिला हक्क माणशी ठरावा: पिण्याचे व घरातील पाणी, एक दिवा, चुलीचे इंधन, हा हक्क शहरास व खेड्यास एकच. दुसरा हक्क अन्न व चारा यांचा. त्यानंतर उरेल ते उद्योगांनी, ऊसवाल्यांनी आणि आम्हां शहरवासीयांच्या बागांनी त्याची खरी किंमत मोजून घ्यावे. प्रत्येक खोऱ्यास एक परिषद असावी, तीत उगमापासून मुखापर्यंतचे निवडलेले प्रतिनिधी असावेत, आणि फडाचा नियम तिला लागू असावा: जे शहर वाटणी ठरविते त्याच्या पाण्यात व विजेत तितकीच टक्केवारी कमी व्हावी, राजधान्याही त्यातून सुटू नयेत. शेवटी, वहीखाते उघडे असावे. मुंबईत 1943 साली शिधावाटप सुरू झाले. लोकांनी ते सोसले, कारण बंगल्याचे आणि चाळीचे कार्ड निदान कायद्यात तरी एकच होते. लोक टंचाई सोसतात. शेजाऱ्याच्या ताटात चोरून वाढलेले मात्र त्यांना सोसवत नाही.

माझ्या जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदारांस हे वाचून राग येईल. द्राक्षवेल एक साल पाण्यावाचून ठेवता येत नाही. वेल वाळली तर वर्षांची मेहनत आणि बँकेचे कर्ज दोन्ही बुडतात. हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच नियम आधी हवा असे मी म्हणतो. दर नोव्हेंबरात आपले पाणी राहते की जाते हे मोर्च्यांवर आणि न्यायालयांतील तारखांवर अवलंबून ठेवणे हे बागाईतदाराच्या हिताचे कसे? वाईट सालीही आपल्या वाट्यास इतके निश्चित येणार, हे ज्याला लावणीच्या वेळी माहीत आहे तो तितकीच वेल लावील. आणि पैठणकरांनीही ऐकावे: वरून न्यायाच्या नावाने आणलेले पाणी खालच्या कालव्यावर पुन्हा उसातच जात असेल, तर समन्यायाचा कायदा धरणाच्या भिंतीपाशीच थांबला असे म्हणावे लागेल. 2014 च्या आदेशातील खरी उणीव हीच आहे. त्याने धरणाधरणांत न्याय केला, माणसामाणसांत करावयाचा राहिला. त्या कायद्याने सांगितलेला राज्याचा एकात्मिक जल आराखडा तयार होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, यावरून राज्यकर्त्यांस या कामाची किती निकड वाटते ते दिसतेच.

हे घटनेचे काम मोठे आहे आणि माझ्या हयातीत होईल असे मला वाटत नाही. परंतु त्याचा एक लहानसा भाग आम्हां नाशिककरांच्या हाती आजही आहे. दरवर्षी 15 ऑक्टोबर येतो. त्या दिवशी साठे मोजले जातात व आकडे निघतात. येत्या 15 ऑक्टोबरास आम्ही आमच्या शहरात ते आकडे आधी वाचावे, आमच्या वाट्याची तूट किती ते काढावे, आणि पाणी सोडण्याचा आदेश येण्यापूर्वीच आमच्या घरांचे, बागांचे, कारखान्यांचे पाणी तितके कमी करून दाखवावे. मग पैठणकडे बोट दाखवून 'तुमच्या उसाचे काय?' असे विचारण्याचा अधिकार आम्हांस येईल. आज तो नाही. वैजापूरचा तो विद्यार्थी आता पदवीधर होऊन गेला आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दोन वाक्यांत देऊ शकलो नाही, म्हणून इतके लिहावे लागले.